दृष्ट, उतारा आणि दालचिनीची फुंकर

महिन्याच्या पहिल्या तारखेला आमच्या मजल्यावर दालचिनीचा वास सुटतो. शेजारची मुलगी आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. तळहातावर चिमूटभर पूड घेऊन ती दाराबाहेर उभी राहते आणि उंबऱ्यावरून आत फुंकर मारते. घरात पैसा येतो म्हणे. पाठोपाठ तिची आई केरसुणी घेऊन पुटपुटत येते, कारण मसाल्याचे भाव तिला माहीत आहेत. मी मालवणकडची, हे कळल्यापासून या मुलीने मला गुरुस्थानी बसवलंय. ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका 2016 मध्ये सुरू झाली तेव्हा ती शाळेत होती. सिंधुदुर्गातल्या प्रत्येक बाईच्या पदराच्या गाठीत काही ना काही बांधलेलं असतंच, अशी तिची तेव्हापासून खात्री आहे.

तिचे प्रश्न मी लक्ष देऊन ऐकते. पुडीऐवजी अख्खी दालचिनी चालेल का? पहिल्या तारखेला सबमिशन असलं तर दुसऱ्या तारखेला केलेलं लागू पडतं का? आईने लगेच झाडून काढलं तर फुकट जातं का? पौर्णिमेच्या रात्री गॅलरीत ठेवलेलं पाणी प्यायचं की झाडांना घालायचं, आणि त्या रात्री ढग आले तर? इच्छा कागदावर लिहून जाळायची असते, ती पेनाने लिहायची की पेन्सिलने, मराठीत की इंग्रजीत? कुणाला सांगितलं की होत नाही, हे खरं का? आणि सगळ्यात शेवटी, आवाज जरा खाली आणून: उलटलं तर?

यातला एकही प्रश्न नवा नाही. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी आजोळच्या ओटीवर बसून आम्ही भावंडं हेच विचारत होतो. फक्त दालचिनी नव्हती. ती आमच्याकडे मटणाच्या वाटपात जायची आणि तीही मोजून.

आमचा पहिला धडा दृष्ट काढण्याचा. साहित्य घरातलंच. खडे मीठ, मोहऱ्या, सुक्या लाल मिरच्या, केरसुणीचा एखादा हीर आणि दृष्ट जबर असली तर तिठ्यावरची चिमूटभर माती. मीठ शिरोड्याच्या मिठागरांतलं यायचं. तेच शिरोडा, जिथे 1930 मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. आजीला त्या सत्याग्रहाची गोष्ट ठाऊक होती आणि ती सांगता सांगता ती त्याच मिठाने नातवाची दृष्ट काढायची. तिला त्यात काही विसंगत वाटत नसे. तिन्हीसांजेला दिवा लागला की ज्याची दृष्ट काढायची त्याला पाटावर बसवायचं. दोन्ही मुठी भरून घ्यायच्या, डोक्यापासून पायापर्यंत आणायच्या, हात एकमेकांवरून फिरवायचे, पायाशी मुठी जमिनीला टेकवायच्या. ओठांतल्या ओठांत यादी चालू असायची: आल्यागेल्याची, शेजाऱ्यापाजाऱ्याची, वाटेवरच्याची, घरातल्यांची. या यादीत आजी स्वतःचंही नाव घ्यायची. जिवापाड माया करणाऱ्याचीच दृष्ट आधी लागते, हे तिने आम्हाला कधी समजावून सांगितलं नाही. यादीतून आपसूक कळलं.

“मिरच्यो किती?” मी विचारायची.

“पाच नायतर सात. जोड नको.”

“सहा घातल्यो तर?”

“उलय नको.” एवढंच उत्तर. दृष्ट काढणाऱ्याने मध्ये बोलायचं नाही आणि बसलेल्यानेही नाही, हा नियम आजीने माझ्या प्रश्नांवरच्या उपायासारखा वापरला, असा मला आता संशय येतो.

मग चूल. मिठाचे खडे निखाऱ्यावर पडले की तडतड उडायचे. खड्याच्या आत अडकलेलं पाणी तापून फुटतं, म्हणून तो आवाज येतो. पण आम्हाला ती दृष्ट फुटल्याची खूण वाटायची. खरी परीक्षा मिरचीची होती. ठसका आला तर दृष्ट नव्हती, आला नाही तर होती. आता आमच्या आजोळचं स्वयंपाकघर कसं, तर कौलारू, वर धूर जायला वाट, आणि आजी मिरच्या टाकण्याआधी फुंकणीने निखारे चांगले लाल करून घ्यायची. फुललेल्या निखाऱ्यावर मिरची भसकन जळून जाते आणि धूर कौलांतून निघून जातो. विझत्या निखाऱ्यावर तीच मिरची धुमसत राहते आणि सगळं घर खोकतं. त्यामुळे आमच्या घरात दृष्ट नेहमीच लागलेली असायची आणि ती नेहमीच निघायची. नंतर पाय धुवायचे, गुळाचा खडा तोंडात टाकायचा आणि ज्याची दृष्ट काढली त्याने आजीच्या मांडीवर डोकं ठेवून पडायचं. भावाला ताप नसतानाही अंग मोडून आल्यासारखं वाटायचं, ते या शेवटच्या भागासाठी.

शिकवणं असं काही नव्हतंच. हाताशी असणाऱ्या पोरीला बघून बघून यायचं. पहिली दृष्ट मी नव्या वासराची काढली. माणसावर हात चालवायच्या आधी तेवढी परवानगी मिळाली होती. वासरू पाटावर बसत नाही, ही पहिली व्यावहारिक अडचण. ते मिठाची मूठ चाटायला लागलं, ही दुसरी.

याच्या पुढची इयत्ता म्हणजे उतारा. सकाळी शाळेत जाताना तिठ्यावर पत्रावळीत भात, त्यावर कुंकू, अंडं, लिंबू, कधीमधी कोंबडीची पिसं दिसली की आम्ही रस्त्याची कड धरायचो. इथेही प्रश्नच प्रश्न. पाय पडला तर? सावली पडली तर? सायकलच्या चाकाखाली आलं तर सायकलला लागतं का माणसाला? वरच्या वाडीतल्या मोठ्या मुलांनी एकदा उताऱ्याचा नारळ फोडून खाल्ला आणि त्यांना काहीही झालं नाही. वर्षभर आम्ही त्यांच्याकडे आदराने पाहत होतो. अंधश्रद्धेविरुद्धचं माझं पहिलं शिक्षण म्हणायचं तर ते या नारळचोरांकडे झालं. पण त्यांतला एक मुलगा पुढे दहावीला नापास झाला तेव्हा सगळ्या वाडीला त्या नारळाची आठवण आली, हेही खरं.

आणि तिसरी इयत्ता, जिच्या दारातून आम्हाला परत पाठवलं जायचं, ती घाड्याची, म्हणजे गावच्या मांत्रिकाची. आमच्याकडचा घाडी दिवसा नांगर धरायचा. गुडघ्यापर्यंत पंचा, कानात विडी. देवस्कीचं बघायला लोक दुपारनंतर यायचे. तो आधी तांदूळ हातात घ्यायचा नाही. आधी विचारायचा. आजारी कोण? कधीपासून? डॉक्टराक दाखयलात काय? आणि मग, विडी पेटवताना सहज विचारल्यासारखं: जमिनीचं काही चाललंय का? ‘कुणीतरी केलंय’ अशी तक्रार घेऊन आलेल्यांतल्या निम्म्या लोकांचं मूळ बांधाच्या हद्दीत, फणसाच्या वाट्यात नाहीतर सामाईक विहिरीत असायचं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. अंगारा कागदाच्या पुडीत बांधून द्यायचा, नारळ आणि सव्वा रुपया घ्यायचा आणि शेवटी चुलतभावाशी बोलून घे म्हणायचा. आज ज्याला समुपदेशन म्हणतात त्यातलं बरंचसं तो सव्वा रुपयात करत होता. मात्र ‘बरंचसं’ हा शब्द मी जपून वापरतेय, कारण त्याच्याच धंद्यातले दुसरे लोक याच्या उलटही करायचे. त्यांच्याकडे पुढे येते.

माझ्या मामेभावाला मंत्र शिकायचे होते. अठरा-एकोणीस वर्षांचा, अंगात मस्ती. घाड्याने त्याला मान वर करूनही पाहिलं नाही. “तुका कित्याक होया?” भावाला उत्तर देता येईना. मग म्हणाला, “पयलो अवसेच्या राती खळ्यात एकटो झोपान दाखय, मगे बघया.” भाऊ रात्री साडेअकराला उशी काखोटीला मारून घरी परत आला. दारातला कुत्रा भुंकतो म्हणून झोप लागेना, असं सांगितलं. मंत्र ग्रहणात कमरेइतक्या पाण्यात उभं राहून सिद्ध करावा लागतो, त्याचे पैसे घेता येत नाहीत, नेम मोडला तर तो मंत्र मरतो, अशा अटींची एक लांबलचक रांग त्या दाराशी लावलेली होती. नवशिक्याला गाळून काढण्यासाठीच ती असावी. बहुतेक जण दुसऱ्या अटीलाच घरी जात.

गावाचं म्हणून जे काही असायचं त्यात तर एकट्याने करायला वावच नव्हता. देवळात कौल लावायचा म्हणजे गुरवाने ओल्या पाषाणावर दोन्ही बाजूंना तांदूळ किंवा फुलं चिकटवायची, मानकऱ्याने गाऱ्हाणं घालायचं, जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला ‘होय म्हाराजा’ म्हणायचं आणि मग सगळ्यांनी श्वास रोखून बघायचं, उजवीकडचं आधी पडतंय की डावीकडचं. उजवं म्हणजे होकार. प्रश्न खाजगी असला तरी तो चारचौघांत मोठ्याने विचारावा लागायचा. नुसत्या त्या अटीमुळे कितीतरी प्रश्न विचारलेच जात नसतील. मालवण तालुक्यातल्या आचऱ्याची गावपळण तर अख्ख्या गावाची. दर काही वर्षांनी, रामेश्वराचा कौल मिळाला की माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री सगळी गावाच्या वेशीबाहेर तीन दिवस तीन रात्री राहुट्या टाकून राहतात. गावात भुतांनी राहायचं, असा समज. बाहेर पोरांची जत्रा असते. तिथे कुणी ‘हे मी बरोबर करतोय का’ असं विचारत नाही. शेजारी करतोय तसं करायचं.

मुंबईला आल्यावर मात्र नवशिक्यांची दुसरी जात दिसली, पुस्तकवाली. फूटपाथवर आणि रेल्वे स्टेशनाबाहेर ‘इंद्रजाल’ नावाची जाड, पिवळट कागदाची पुस्तकं मिळायची. कव्हरावर कवटी नाहीतर लाल डोळ्यांचा साधू. आमच्या चाळीतल्या एका अविवाहित गृहस्थांनी एक घेतलं होतं. त्यात वशीकरणाच्या कृती होत्या आणि त्या वाचताना लक्षात यायचं की लिहिणाऱ्याने स्वतःला सुरक्षित ठेवलंय. रविपुष्य योगावर, उगवतीकडे तोंड करून, एका हिसक्यात उपटलेली अमुक झाडाची मुळी. घुबडाचं पीस, तेही डाव्या पंखाचं. भायखळ्यात राहणाऱ्या माणसाने घुबडाचा डावा पंख कुठून आणायचा? कृती फसली तर दोष साहित्याचा. ते गृहस्थ शेवटपर्यंत अविवाहित राहिले आणि पुस्तक शेवटपर्यंत बिनचूक राहिलं.

आताच्या मुलीला मिळणाऱ्या कृतींत नेमका हाच बदल झालाय. आता सगळ्याला पर्याय आहे. तमालपत्र नसलं तर साधा कागद, मेणबत्ती नसली तर मोबाइलचा टॉर्च, पौर्णिमा हुकली तर आदल्या-पुढच्या दिवशी. मन शुद्ध असलं की झालं. वाचायला सोयीचं वाटतं, पण त्याने दोष साहित्यावरून उचलून थेट करणाऱ्याच्या मनावर ठेवला. काम झालं नाही, म्हणजे तुझाच विश्वास कमी पडला. परवा ती मुलगी इंटर्नशिप न मिळाल्यावर मला हेच सांगत होती, की कागद जाळताना तिच्या मनात शंका आली होती. मला घुबडाचं पीस बरं वाटलं.

चाळीतल्या घरी येताना लोकलच्या डब्यात बंगाली बाबांचे स्टिकर असायचे, अजूनही असतात. प्रेमात अपयश, सवतीचा त्रास, कोर्टकचेरी, परदेशगमन, चोवीस तासांत काम. त्यावर फक्त नंबर. नेम नाही, खळं नाही, अमावास्या नाही. प्रश्न विचारणाऱ्याला न गाळणारी ही पहिली दुकानं. दुसरीकडे घरोघरी ‘नवनाथ भक्तिसार’ वाचलं जायचं. धुंडीसुत मालूने शके 1741 मध्ये, म्हणजे 1819 साली पुरी केलेली चाळीस अध्यायांची पोथी. मंत्र, अस्त्रं, शाबरी विद्या, जारणमारण, सगळं तिच्यात आहे. पण ती सोवळ्यात, पाटावर ठेवून, उदबत्ती लावून वाचायची. अमुक अध्यायाने अमुक फळ मिळतं, हे माझ्या मावशीला पाठ होतं. तिच्या हातून कधी कुणावर काही अस्त्र सुटलं नाही. अध्याय संपला की ती भाजी निवडायला बसायची.

हे सगळं मी हौसेने आठवतेय खरी, पण त्या काळाची दुसरी बाजू वगळली तर मी लबाडी केली असं होईल. आमच्या वाडीच्या टोकाला एक विधवा राहायची. मूल नव्हतं, जीभ तिखट होती आणि नवऱ्यामागे आलेला जमिनीचा तुकडा ती कुणाला कसू देत नव्हती. एवढ्या भांडवलावर ती चेटकीण ठरली. कुणाची म्हैस आटली की बायका तिच्या घराकडे बघायच्या. तिने दिलेला प्रसाद आम्ही पोरं हातात घ्यायचो आणि वळणावर टाकून द्यायचो. घरच्यांनीच तसं सांगितलेलं असायचं. एकदा आमच्यातल्या एकाने वळण यायच्या आधीच टाकला. तिने तो उचलून पदराने पुसला आणि स्वतः खाल्ला. तिला कुणी मारलं नाही, गावातून हाकललं नाही, एवढंच आमच्या गावाच्या बाजूने सांगता येतं. सातपुड्याच्या पाड्यांवर, नंदुरबारकडे, ज्यांना डाकीण ठरवलं गेलं अशा बायकांना एवढंही मिळालं नाही. मारहाण, बहिष्कार, खून, सगळं झालंय. आणि तिथेही ‘ही बाई कोण’ याचं बोट दाखवणारा एखादा भगतच असायचा. प्रश्न चारचौघांत विचारावा लागतो याचं मी वर कौतुक केलं. त्याच चारचौघांनी मिळून एकटीचं नावही ठरवता येतं.

मंत्रावर विसंबून माणसंही गेली. आजोळी विंचू उतरवणारा होता आणि त्याची ख्याती मोठी होती. काळा विंचू डसला की रात्रभर ठणका, सकाळी उतार. उतार पडायचाच, तो मंत्राच्या खात्यावर जमा व्हायचा. लाल विंचवाचं मात्र वेगळं. घाम, थंडगार हातपाय, मग फुप्फुसांत पाणी, आणि लहान पोरं हाताशी असताना जायची. डॉ. हिम्मतराव बावस्कर 1970 च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले तेव्हा त्यांनी हेच पाहिलं. विषाने हृदयावर येणारा ताण ओळखून त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरचं औषध वापरून पाहिलं. गंभीर रुग्णांत चाळीस टक्क्यांच्या घरात असलेला मृत्यूचा आकडा एका टक्क्याच्या आसपास आला. ‘लॅन्सेट’ने त्यांचं काम छापलं. आमच्या विंचू उतरवणाऱ्याने पुढे पुढे आलेल्याला आधी एसटीचं वेळापत्रक सांगायला सुरुवात केली होती, असं मामा सांगायचा. मंत्र तो तरीही घालायचा, गाडी येईपर्यंत.

कावीळ काढणाऱ्यांचं गुपित आम्हाला कॉलेजात कळलं. अंधश्रद्धा निर्मूलनवाले चमत्कारांचे प्रयोग करून दाखवायचे, त्यात. हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस लावायचा आणि मग चुन्याच्या निवळीत हात धुवायचे की पाणी पिवळंधमक होतं. कावीळ उतरली! हळदीत चुना घातला की लाल, पाणी घातलं की पेटणारा दिवा, सगळी शाळेच्या प्रयोगशाळेतली रसायनं. टाळ्या पडायच्या. त्या टाळ्यांमागे किती वर्षांची पायपीट होती ते नंतर समजलं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी अनेक वर्षं धडपड केली, तो रखडतच राहिला. 20 ऑगस्ट 2013 च्या सकाळी पुण्यात त्यांचा गोळ्या घालून खून झाला, आणि त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला. त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. सहा महिने ते सात वर्षं कैद, पाच हजार ते पन्नास हजार दंड. त्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण आहे, कुणावर करणी केल्याचा आळ घेणं आहे, साप-विंचू-कुत्रा चावल्यावर डॉक्टरकडे जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र करणंही आहे. घरच्या घरी मीठ-मोहऱ्या ओवाळणं त्यात नाही. शेजारच्या मुलीला मी हे सांगितलं तेव्हा तिने दालचिनीचं विचारलं. तेही नाही, म्हटलं.

ती ज्या वाटेने दालचिनीपर्यंत पोहोचली ती वाट इंग्लंड-अमेरिकेतून येते, आणि तिथलं जुनं-नवं बघताना मला आजोळच दिसायला लागतं. इंग्लंडमध्ये चेटूकविरोधी जुना कायदा 1951 मध्ये रद्द झाला. जेराल्ड गार्डनर नावाचे गृहस्थ मलायात कस्टममध्ये नोकरी करून निवृत्त झाले होते. त्यांनी 1954 मध्ये पुस्तक काढून जाहीर केलं की आमचा हा जुना धर्म अजून जिवंत आहे. जुना किती, याबद्दल इतिहासकारांना दाट शंका आहे. पण त्या मंडळींतही आत येणाऱ्याला दीक्षा लागायची, एक वर्ष आणि एक दिवस थांबावं लागायचं आणि विधींची वही गुरूच्या वहीवरून स्वतःच्या हाताने उतरवून घ्यावी लागायची. म्हणजे घाड्याचं खळंच की. मग अमेरिकेत 1988 मध्ये स्कॉट कनिंगहॅमचं एकट्याने करणाऱ्यांसाठीचं मार्गदर्शक पुस्तक आलं आणि तुफान खपलं. गुरू नको, मंडळ नको, आपली आपण दीक्षा घ्यावी. फोनने पुढचं काम केलं. आता गुरू अर्ध्या मिनिटाचा आहे आणि तो प्रश्न विचारत नाही.

“तुला कशाला हवंय?” हे तिला कुणीच विचारलेलं नाही, हे मला तिच्याशी बोलताना जाणवत राहतं. मी विचारलं तेव्हा ती माझ्या मामेभावासारखीच गप्प झाली. मग म्हणाली, वडिलांनी व्हीआरएस घेतलीये, फीचं टेन्शन आहे. पुढचा अर्धा तास आम्ही शैक्षणिक कर्जाबद्दल बोललो. मी बँकेत होते, त्यामुळे या विषयातले मंत्र मला येतात. तारण, हमीदार, व्याजात सवलत.

तिच्या बाजूनेही सांगायला हवं. ती कुणाच्या म्हशीवर संशय घेत नाही. तिच्या वहीत कुणाला त्रास देण्याची एकही कृती नाही. जे दुसऱ्याला पाठवाल ते तिप्पट होऊन परत येतं, या नियमाची तिला भीती आहे. घाडी हेच सांगायचा, फक्त तिप्पट असा आकडा त्याने कधी दिला नव्हता. आजोळच्या टोकाच्या घरातली ती विधवा आज असती, तर या मुलीने तिच्याकडचा प्रसाद आनंदाने खाल्ला असता आणि वर तिच्यासोबत फोटोही काढला असता.

खटकतं ते दुकान. तिच्या टेबलावर पांढऱ्या सेजची जुडी आहे, घर ‘स्वच्छ’ करायला धुरी देण्यासाठी. ही वनस्पती दक्षिण कॅलिफोर्निया आणि त्याच्या खालच्या मेक्सिकोच्या पट्ट्यातली. तिथल्या मूळ रहिवाशांची ती पवित्र, आणि जगभर मागणी वाढल्यापासून तिथल्या डोंगरांवरून ती चोरून उपटली जाते. ठाण्यातल्या फ्लॅटमधली वाईट शक्ती घालवायला ती विमानाने येते. मी तिला म्हटलं, धूपच हवा तर गुग्गुळ घे. पण गुग्गुळाचं झाडही डिंकासाठी ओरबाडून ओरबाडून अतिसंकटग्रस्त यादीत जाऊन बसलंय. मग शेवटी कडुलिंबाचा पाला सुचवला, त्याने निदान डास जातात.

दृष्ट काढण्याची विद्या आमच्या घरात अजून आहे, पण तिलाही नवे प्रश्न पडलेत. माझी भाची न्यू जर्सीला असते. तिचं बाळ सहा महिन्यांचं झालं, रात्री किरकिरायला लागलं. डॉक्टरने पाहिलं, दात येताहेत म्हणाला. तरी भाचीने आईला, म्हणजे माझ्या वहिनीला, फोन केलाच. तिथे मिरच्या जाळायची सोय नाही. स्मोक अलार्म वाजतो, आणि सोसायटीचा माणूस येऊन उभा राहतो. मागे एकदा फोडणी करपली तेव्हा तसं झालं होतं. तेव्हा ठरलं की इकडे डोंबिवलीत वहिनीने व्हिडिओ कॉलवर दृष्ट काढायची आणि मिरच्या इकडेच जाळायच्या.

वहिनीने फोन पाटावर तांब्याला टेकवून उभा केला. पलीकडे बाळ, त्याच्या मागे भाचीचा हात. मुठी भरल्या आणि वहिनी थबकली. डोकं स्क्रीनमध्ये, पाय स्क्रीनच्या बाहेर; पायापर्यंत मूठ न्यायची कशी? भाचीने फोन लांब धरला. मग भाचीचा प्रश्न: माझ्या स्क्रीनवर मी आरशासारखी उलटी दिसते, तर तुझा उजवा हात आमच्या उजव्या बाजूला येतोय की डाव्या? जावई संगणकातले, त्यांनी मागून सांगितलं की समोरच्याला सरळच दिसतं. वहिनीने हात हलवून खात्री करून घेतली. तेवढ्यात नेटवर्क गेलं, चित्र गोठलं, बाळ तोंड उघडं ठेवून थांबलं.

“आता परत पहिल्यापासून करायचं, की जिथे राहिलं तिथून?” वहिनीने मला विचारलं.

आजी असती तर ‘उलय नको’ म्हणाली असती. मी म्हटलं, पहिल्यापासून. चित्र आलं, वहिनीने पुन्हा मुठी ओवाळल्या, ओठांतली यादी म्हटली, त्यात स्वतःचं नाव घातलं आणि मुठी गॅसवरच्या तव्यात सोडल्या. मीठ तडतडलं. पलीकडे भाची वाट बघत होती: “ठसका आला का गं आई?”

आला नाही. “बघ, केवढी लागली होती,” वहिनी म्हणाली आणि समाधानाने तवा उतरवला. मी मिरच्यांचं पाकीट उलटून पाहिलं. बेडगी होती. तिचा ठसका तो कितीसा येणार?